नळाचा ठराव आणि जादा कापड

माझे यजमान नगरपालिकेवर निवडून आले ते अर्ध्या गावाच्या कमरेचं माप त्यांना तोंडपाठ होतं म्हणून, असं मी त्यांना शेवटपर्यंत चिडवत असे. ते टेलर होते. टेलरचं दुकान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची टेकायची जागा. कोणाची सोयरीक जमली, कोणाचा बैल विकला, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं तिथे कळायचं. निवडणुकीत त्यांनी भाषण म्हणून केलं नाही. भाषणाला तोंड रिकामं लागतं आणि यांच्या तोंडात सदा टाचण्या. तरी निवडून आले. गाव आधी त्यांना मास्तर म्हणायचं, ते आता मेंबर म्हणायला लागलं. मी उभ्या जन्मात काज-बटणांपलीकडे कसला कारभार केला नव्हता, तर मी झाले मेंबरीणबाई.

गावाचं नाव सांगत नाही. वाशीमकडचं आहे एवढं पुरे. तेव्हा तो सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता आणि सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे त्यांची नातवंडं आजही मला रस्त्यात थांबवून पाया पडतात. त्यांना कशाला अवघडायला लावा.

आम्ही भाडेकरू होतो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि आमच्यासारख्याच आणखी खोल्यांची एक ओळ. सगळ्यांचा मालक एकच आणि सगळ्यांना मिळून नळही एकच, तोही मालकांच्या अंगणात. सकाळी पाणी यायचं ते थोडाच वेळ. आधी मालकीणबाईंचा रांजण भरायचा, मग त्यांची टाकी, मग म्हशीचं घमेलं, मग तुळस, मग गुलाब, आणि गुलाब तृप्त झाले की आमचा नंबर. आमचे हंडे होईतो धार करंगळीएवढी व्हायची. मग मालकीणबाई नळाच्या पितळी टोपणाला कुलूप घालायच्या आणि किल्ली कमरेला खोचायच्या.

ओळीतल्या शेवटच्या खोलीत पोस्टात कामाला असलेल्यांचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या घराने बुद्धाचा धम्म घेऊन बरीच वर्षं झाली होती. त्या वहिनींना मालकीणबाई नळाला हात लावू द्यायच्या नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर स्वतः तांब्याने वरून त्यांच्या हंड्यात पाणी ओतायच्या, आणि ओतताना चेहरा असा की केवढं पुण्य घडतंय. वहिनी बहुतेक दिवस त्या वाटेला जायच्याच नाहीत. दुष्काळानंतर गावाबाहेर एक हापशी बसवली होती. चांगली लांब होती. त्या तिथून पाणी आणायच्या. मला त्याची लाज वाटायची, पण लाज वाटून हंडा भरत नाही.

स्वतंत्र नळ का घेतला नाही, असं कोणी विचारेल. नळ हवा तर घरमालकाची संमती हवी असा नगरपालिकेचा नियम होता, आणि एकही मालक संमती देत नव्हता. भाडेकरूच्या दारात एकदा नळ आला की तो काही घर सोडत नाही, हा गावातल्या तमाम मालकांचा सिद्धांत होता. यजमान मेंबर झाले आणि त्यांनी पहिला ठराव मांडायचं ठरवलं तो हाच. भाडेकरू भाडं वेळेवर देत असेल तर मालकाच्या संमतीवाचून त्याला त्याच्या नावाने नळ मिळावा. सभेत निम्म्याहून थोडे कमी मेंबर म्हणजे खोल्या आणि दुकानं भाड्याने देणारी मंडळी. बाकीच्यांत काही मळेवाले होते, काही व्यापारी. ते आपापल्या घरात राहायचे, भाडेकरू ठेवायचे नाहीत. ते म्हणाले, द्या हो नळ, आमचं काय जातं. भाडेकरू असलेला मेंबर एकटा आमच्या घरात. गणित करून पाहिलं तर ठराव अगदी काठाने पास होत होता.

ही बातमी मालक लोकांना कळली आणि आमच्या दुकानाला सुगीचे दिवस आले.

पहिले आले आमचेच घरमालक. काखेत कापडाचं बिंडोळं. उघडून पाहिलं तर कारंज्याच्या मोठ्या दुकानातलं टेरिकॉट, आभाळी रंगाचं, त्यावर बारीक रेघ. म्हणाले, "मास्तर, एक सदरा शिवून द्या." कापड तीन सदऱ्यांचं होतं. यजमानांनी तसं सांगितलं, तर मालक हात हलवत म्हणाले, "उरन ते तुमचं. मी काय नवीन सांगून राह्यलो?"

खरंच नवीन नव्हतं. आमच्या धंद्यात उरलेलं कापड टेलरचं, हा रिवाज आमच्या आजे-सासऱ्यांपासूनचा. गिऱ्हाईक ते मागत नाही आणि टेलर ते परत देत नाही. परत दिलं तर त्याचा अर्थ असा होतो की तू चिंध्या मोजणारा माणूस आहेस हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक तुटतं, आणि बाजारातले बाकीचे टेलर वेगळे भांडायला येतात. आता रिवाज म्हणजे कसा, तर वीतभर कात्रणाचा. त्यातून पोरांची टोपरी व्हायची, गोधडीला ठिगळं व्हायची. कोणी त्या रिवाजातून थान उचलून देईल हे आमच्या आजे-सासऱ्यांना काही सुचलं नव्हतं.

मग मालक माप द्यायला उभे राहिले. दोन्ही हात पसरून, हनुवटी वर करून माणूस उभा राहिला की त्याला बोलायची सुरसुरी येतेच. "मास्तर, तुमी समजदार मानूस. नळ म्हंजे काय खेळ हाये? आज नळ मांगतीन, उद्या म्हनतीन संडास पायजे, परवा म्हनतीन घरच आमचं. अन् पाइप फुटला त भित कोनाची भिजन? माही. तुमी इचार करा." यजमानांच्या तोंडात टाचण्या. ते म्हणाले, "हं." मालकांनी त्या 'हं'चा हवा तो अर्थ घेतला आणि खुशीत गेले.

त्यांनी जाऊन बाकीच्या मालकांना सांगितलं असणार, कारण मग रांगच लागली. कोणी पॉपलीन आणलं, कोणी पायजम्याचा लठ्ठा. एकाने तर जाकिटाला म्हणून एवढं कापड आणलं की त्यात बैलगाडी झाकली असती. जो तो हात पसरून उभा राही, आपल्या भिंतीचं, आपल्या म्हातारपणाचं, भाडेकरूंच्या कृतघ्नपणाचं गाऱ्हाणं सांगे, आणि यांच्याकडून एक 'हं' घेऊन जाई. मी आतल्या उंबऱ्यावर काजं करत बसलेली असायची. इतकी दुःखी माणसं मी त्याआधी एका जागी पाहिली नव्हती, आणि सगळ्यांच्या दोन-दोन, चार-चार खोल्या भाड्याने.

त्या आभाळी टेरिकॉटवर माझा जीव जडला होता, हे कशाला लपवू. आमच्या मुलीला त्याचा फ्रॉक किती शोभला असता. मी म्हटलं, "रिवाजाचंच हाये न? आपून काय मांगाले गेलो होतो?"

यजमान कापडावरून हात फिरवत म्हणाले, "कातरन आपलं असते. हे कातरन नाई."

"मंग परत द्या."

"परत कसं देऊ? आजवर कोनी देल्लं?"

मोठा पेच पडला. ठेवावं तर लाच, परत द्यावं तर अपमान. ते दोन दिवस कात्रीला हात न लावता नुसते त्या गठ्ठ्यांकडे पाहत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर बसले आणि त्यांनी त्यातून मार्ग काढला. माझ्या माहितीत तसा मार्ग दुसऱ्या कोणा टेलरने काढला नसेल. त्यांनी सगळं कापड कपड्यातच घातलं.

शिवणीत आत थोडं जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. यांनी बोटभर सोडायची ती वीतभर सोडली. सदऱ्याला खिसा एक सांगितला तर तीन लावले, त्यांना दुहेरी अस्तर दिलं. पाठीला चुण्या घातल्या. बाह्या अशा की आत कोपर हरवावं. पायजम्याचा घेर असा की एका पायात दुसरा माणूस सहज उभा राहील. जाकीटवाल्याला जाकीट गुडघ्यापर्यंत दिलं. आणि प्रत्येक कपड्यामागे, उरलेलं म्हणून, मुठीत मावेल एवढी चिंधी आमच्याकडे राहिली. रिवाज राहिला आणि इमानही राहिलं. मला मात्र हसावं की रडावं कळेना. वीतभर मायेचे ते सगळे दुमडलेले काठ मीच हाताने तुरपत होते.

आमचे घरमालक सदरा घालून आरशासमोर उभे राहिले. सदरा त्यांच्यानंतर थोड्या वेळाने वळत होता. "मास्तर, हे जरा जास्तच मोकळं नाई झालं?"

"उन्हाळा येऊन राह्यला. हवा खेळली पायजे," यजमान म्हणाले. त्या दिवशी तोंडात टाचण्या नव्हत्या.

मालक काय बोलणार? सगळं कापड अंगावर होतं. मोजून पाहिलं असतं तर आपण किती आणलं होतं हेच सांगावं लागलं असतं. मुकाट्याने घालून गेले. हळूहळू बाजारात एकेक फुगलेला सदरा दिसायला लागला आणि गावाने बरोबर ओळखलं. चहाच्या हॉटेलात बसलेली मंडळी लांबून येणाऱ्याचा पायजमा बघून म्हणायची, "हे बी मास्तरकडे जाऊन आले वाटते." एक मालक म्हणे मापात बसणारे जुने कपडे घालून गेला, तर त्याला लोकांनी विचारलं, तुमच्या खोल्या विकल्या का? मला यजमानांचा तेव्हा फार अभिमान वाटला. हेही सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात तो टिकला नाही.

सभेच्या आदल्या दिवशी आणखी एक मालक आले. हे मेंबरही होते आणि वकीलही. रोज बसने वाशीमच्या कोर्टात जायचे. गावात दुकानांची एक अख्खी ओळ त्यांची. यांनी कापड आणलं नाही. कोटाचं एक बटण तुटलं होतं, तेवढं लावून हवं होतं. ते मीच लावलं. मी बटण लावीपर्यंत ते यजमानांशी बोलत बसले. आवाज मऊ, बोलणं शुद्ध.

"मास्तर, साऱ्या सभेत तुमच्यासारखा सरळ माणूस नाही. कपड्यांचं ऐकलं मी. खरं सांगतो, मनातून हात जोडले तुम्हाला."

मी सुई ओढता ओढता मान ताठ केली. माझ्या नवऱ्याला असं कोणी म्हटलं की मला बरं वाटायचं.

"म्हणूनच सांगावंसं वाटलं. एखाद्या विषयात मेंबरचा स्वतःचा फायदा असेल, तर त्याने त्या विषयावर मत देऊ नये, असा दंडक आहे. तुम्ही भाडेकरू. नळ तुम्हालाही मिळणार. उद्या कोणी बोट दाखवायला नको. तुमच्या नावाला डाग लागलेला मला तरी बघवणार नाही."

वकीलसाहेबांनी बटण ओढून पाहिलं, पक्कं आहे म्हणाले, आणि गेले. ते दिसेनासे झाल्यावर मी म्हटलं, "अवो, तुमचा फायदा नळात हाये, त त्याईचा तोटाही नळातच हाये. तुमी उठाचं अन् त्याईनं बसाचं, असं कुठं असते?"

"त्याईचं त्याईनं पाहावं," ते म्हणाले, आणि मशीन फिरवायला लागले. थानंच्या थानं आणूनही जो हलला नाही, तो चार गोड शब्दांनी हलला हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, माणूस एवढाही साधा नसेल.

सभा दुपारी होती. ओळीतल्या बायका कामं आटोपून आमच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. पोस्टातल्या वहिनीही आल्या. एरवी त्या फारशा कोणाकडे बसायच्या नाहीत. नळ दाराच्या डाव्या हाताला घ्यायचा की उजव्या, यावर चर्चा चालली होती. वहिनी म्हणाल्या, "माहा त उजव्याच हाताले घेईन. सकाऊन उठलं का आदी तोंडावर पानी मारता येते." एवढं त्या कधी बोलत नसत.

यजमान आले. टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "एका मतासाठी ठराव पडला."

"कोनाच्या?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"मी उठून बाहेर गेलो. तसा नियम हाये."

"अन् ते?"

"ते बसले."

"कोनीच नाई उठलं?"

"नाई."

"तुमी त्याईले म्हटलं नाई, का तुमीही उठा?"

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं आपण उठलो की बाकीचेही शरमेने उठतील. ते सगळे यांनीच शिवलेले ऐसपैस सदरे घालून खुर्च्या भरून बसून राहिले, हात वर केले, आणि मग म्हणे वकीलसाहेबांनी यजमानांच्या प्रामाणिकपणाचं चार वाक्यांत कौतुकही केलं.

बायका एकेक करून उठल्या. त्या गेल्यावर मी खूप बोलले. चांगुलपणाला डोळे असतात की नाही, असंही म्हटलं. असला राग मला त्यांच्यावर त्याआधी आला नव्हता आणि नंतरही कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा घेऊन गेले, तर मालकीणबाई हसतमुखाने नळापाशी उभ्या. रांजण नाही, म्हैस नाही, गुलाब नाही. म्हणाल्या, "या मेंबरीणबाई. आजपासून आदी तुमी भरत जा." इतकी वर्षं ज्या धारेकडे डोळे लावून उभी राहत आले, ती हातभर अंतरावर जोरात पडत होती.

मागे सगळ्या बायका. त्यांत वहिनीही होत्या. त्या दिवशी त्या का आल्या होत्या कोण जाणे. माझ्या अंगात काय संचारलं, मी हंडा बाजूला घेतला आणि म्हटलं, "आदी वहिनीले भरू द्या. तिच्या हातानं." मला वाटलं आपण फार मोठं काही केलं. मालकीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी नळ बंद केला, टोपण लावलं आणि कुलूप घातलं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "माह्यासाठी कायले मांगं सरता, बाई? मले नंबर नवता पायजे. मले नळ पायजे होता. मास्तर बसून राह्यले असते त भेटला असता." हंडा उचलला आणि गावाबाहेरच्या वाटेला लागल्या.

मी रिकामा हंडा घेऊन घरी आले. यजमान कापड कापत होते. मी त्यांना तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, वर माझा एकही शब्द घातला नाही. त्यांनी कात्री खाली ठेवली. मग टोपी घातली आणि ओळीच्या शेवटच्या खोलीकडे निघाले. मीही मागोमाग गेले.

वहिनी नुकत्याच हापशीवरून आल्या होत्या. चुंबळ अजून डोक्यावरच होती. हे दारात उभे राहिले. माफी मागायची तरी कोणत्या शब्दांत? माणसाने नियम पाळला होता.

वहिनींनी बाज पुढे ओढली. "बसा, मास्तर." हे बसले. त्यांनी नुकत्याच आणलेल्या हंड्यातून तांब्या भरला आणि पुढे केला. यजमान ते पाणी प्यायले, सगळं. तांब्या खाली ठेवला.

"आता सांगा," वहिनी म्हणाल्या, "पुढची मीटिंग कवा हाये?"